वेगाची सूचना

कबड्डीचा सामना रंगात आला आहे. चढाईपटू मध्यरेषा ओलांडून आत शिरतो तेव्हा सारे नेहमीच्या वेगात चालले आहे. बचावपटूच्या खांद्याला त्याची बोटे लागतात आणि त्याच क्षणी पडद्यावरचा काळ ताणला जातो. पायाखालची माती उडते, तिचा एकेक कण वेगळा दिसतो, कोपरारक्षकाचे हात घोट्याकडे येत राहतात आणि पोचत मात्र नाहीत. मग चढाईपटू मध्यरेषेकडे झेप घेतो आणि वेग पुन्हा पूर्ववत होतो. सगळा शॉट सात-आठ सेकंदांचा.

जाहिरातींत, माहितीपटांत, वेब मालिकांत असा शॉट इतक्यांदा दिसतो की कॅमेऱ्यानेच तो तसा टिपला असावा असे वाटते. कॅमेऱ्याने मात्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत सेकंदाला १०० फ्रेम या एकाच गतीने सगळे टिपलेले असते. कुठे मंदावायचे, कुठे सुटायचे, हे त्या फाइलमध्ये कुठेही नाही. ते संकलकाने आपल्या संगणकावर ठरवलेले असते आणि त्याचे सॉफ्टवेअर शॉट दाखवताना दर वेळी तो निर्णय वाचून कोणत्या जागी कोणती फ्रेम दाखवायची हे नव्याने काढते. पडद्यावर दिसणारा वेग ही चित्रांविषयीची एक सूचना असते. एका यंत्रावर ती सूचना वाचली जात आहे तोवर सगळे सुरळीत चालते. शॉट दुसऱ्या यंत्रावर गेला की अडचणी सुरू होतात.

आणि शॉट दुसऱ्या यंत्रावर जातोच. कॅमेऱ्याच्या मूळ फाइली अतिशय जड असतात, म्हणून संकलन बहुतेक वेळा त्यांच्या हलक्या प्रतींवर चालते. या प्रतींना प्रॉक्सी म्हणतात. संकलन पक्के झाले, म्हणजे धंद्याच्या भाषेत ‘पिक्चर लॉक’ झाले, की चित्रपट रंगसंस्कारासाठी कलरिस्टकडे जातो. त्याच्याकडे दोन गोष्टी पोचतात: कॅमेऱ्याच्या मूळ फाइली, आणि संकलनाचा तपशील लिहिलेली एक छोटी फाइल. या दोन्हींवरून कलरिस्ट किंवा त्याचा सहायक सगळा चित्रपट आपल्या यंत्रावर पुन्हा जुळवतो. या जुळवणीला कन्फॉर्म म्हणतात. कोणता शॉट कुठे सुरू होतो, कुठे संपतो, हे बहुतेक वेळा बिनचूक जुळते. चुकतो तो वेग.

चित्रपटसृष्टी फिल्मवर चालत होती तेव्हा ही अडचण नव्हती. दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी वाटाण्याच्या रोपाच्या वाढीचा छोटा चित्रपट केला होता. ठरावीक अंतराने एकेक फ्रेम टिपत गेल्यामुळे कित्येक दिवसांची वाढ पडद्यावर काही क्षणांत दिसली. तिथे वेग कॅमेऱ्यातच ठरला आणि फिल्मवर कायमचा उमटला. चित्रीकरणानंतर वेग बदलायचा असेल तर प्रयोगशाळेत ऑप्टिकल प्रिंटर नावाचे यंत्र असे. त्यावर एकेक फ्रेम हवी तितक्यांदा नव्या फिल्मवर छापली जाई, म्हणजे त्या शॉटची नवी निगेटिव्हच तयार होई. निगेटिव्ह कापणाऱ्याला वेगाचा विचार करावाच लागत नसे. त्याच्या हातात येणारा तुकडा मंद झालेलाच असे. खर्च खूप, वेळही खूप, पण संदिग्धता शून्य. सूचना चित्रात उतरवल्याशिवाय पुढे जाताच येत नव्हते.

व्हिडिओ टेप आली आणि हे बदलले. सीबीएस आणि मेमोरेक्स या दोन कंपन्यांनी मिळून काढलेल्या सीएमएक्स कंपनीने १९७१ मध्ये संगणकावर चालणारे ‘सीएमएक्स ६००’ हे संकलनयंत्र आणले. पुढे याच कंपनीच्या ३६०० या यंत्राची यादी लिहिण्याची पद्धत जगभर रूढ झाली. तिला ईडीएल, म्हणजे एडिट डिसिजन लिस्ट म्हणतात. ती साधी मजकुराची फाइल असते आणि आजही बहुतेक सगळी सॉफ्टवेअर ती लिहितात आणि वाचतात. प्रत्येक शॉटला एक ओळ: टेपचे नाव, मूळ टेपवरचा सुरुवातीचा आणि शेवटचा टाइमकोड (फ्रेमची वेळ सांगणारा आकडा), तयार कार्यक्रमातला सुरुवातीचा आणि शेवटचा टाइमकोड. वेग बदललेला असेल तर त्या ओळीखाली आणखी एक ओळ येते. ती ‘एम २’ या खुणेने सुरू होते आणि तिच्यात वेग टक्क्यांत न लिहिता सेकंदाला इतक्या फ्रेम असा लिहिलेला असतो. त्याचे कारण त्या काळाच्या यंत्रांत आहे. टेप हळू, जलद किंवा उलटी फिरवत स्वच्छ चित्र देणारी यंत्रे तेव्हा स्टुडिओत असत, आणि ‘एम २’ची ओळ त्या यंत्राला थेट हुकूम सोडत असे: या टाइमकोडवर ये आणि या गतीने फिर. आकडा उणे असेल तर उलटे फिर, शून्य असेल तर थांब.

चाळीसेक वर्षांपूर्वीच्या टेपयंत्राला उद्देशून लिहिलेली ही ओळ आज दोन सॉफ्टवेअरमध्ये निरोप्याचे काम करते, आणि तिच्यात एका शॉटसाठी एकच वेग मावतो. आपल्या कबड्डीच्या शॉटमध्ये वेगाचे तीन टप्पे आहेत, शिवाय त्यांच्यामधली चढ-उतार. ते तिथे लिहिताच येत नाही. कधी कधी वाचणारे सॉफ्टवेअर ‘एम २’ची ओळच सोडून देते, आणि मग अर्ध्या वेगाचा शॉट नेहमीच्या वेगाने धावू लागतो. चार सेकंदांच्या जागेत दोन सेकंदांचे चित्रण ताणून बसवलेले असते. ताण निघून गेला की उरलेल्या दोन सेकंदांत संकलकाने मुद्दाम बाहेर ठेवलेले चित्रण आत येते: अभिनय संपवून कॅमेऱ्याकडे पाहणारा नट, फ्रेममध्ये येणारा सहायक. अशी चूक लगेच दिसते, म्हणून ती त्यातल्या त्यात परवडली.

पुढे आलेल्या फाइली पुष्कळ शहाण्या आहेत. संकलनाच्या सॉफ्टवेअरपैकी एव्हिडकडून येणारी एएएफ, प्रीमियर प्रो आजही ज्या रूपात लिहिते ती फायनल कट प्रो ७ च्या काळची एक्सएमएल, आणि २०११ मध्ये फायनल कट प्रो नव्याने लिहिले गेल्यानंतरची त्याची वेगळी एक्सएमएल, या सगळ्यांत वेगाच्या अनेक नोंदी करता येतात. पिक्सारने सुरू केलेली आणि सर्वांना खुली असलेली ओपन टाइमलाइन आयओ ही पद्धतही आहे. तरीही अडचण संपलेली नाही, कारण फाइलमध्ये नोंद असणे आणि वाचणाऱ्या यंत्राने तिचा तोच अर्थ लावणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

स्थिर वेगाचेच घ्या. टाइमलाइन, म्हणजे संकलकाने शॉट मांडलेली पट्टी, सेकंदाला २५ फ्रेमची आहे आणि शॉटचा वेग ४७ टक्के ठेवला आहे. म्हणजे टाइमलाइनवर एक फ्रेम पुढे गेलो की मूळ फाइलमध्ये ०.४७ फ्रेम पुढे जायचे. पहिल्या आठ जागांसाठी मूळ फ्रेमचे आकडे असे येतात: ०, ०.४७, ०.९४, १.४१, १.८८, २.३५, २.८२, ३.२९. आता ०.४७ क्रमांकाची फ्रेम काही कॅमेऱ्याने टिपलेली नाही. एका सॉफ्टवेअरने दशांश सोडून दिले तर आठ जागांवर ०, ०, ०, १, १, २, २, ३ या फ्रेम दिसतील. दुसऱ्याने जवळचा पूर्णांक घेतला तर ०, ०, १, १, २, २, ३, ३ दिसतील. दोघांनीही ४७ टक्क्यांची सूचना प्रामाणिकपणे पाळली. तरी तिसऱ्या, पाचव्या आणि सातव्या जागेवर दोन यंत्रे वेगळी चित्रे दाखवत आहेत.

एका फ्रेमने काय बिघडते, असे वाटेल. नुसता शॉट असेल तर बहुधा काहीच बिघडत नाही. पण त्या शॉटमध्ये संगणकावर पुसून टाकलेली तार असेल, चालत्या बसच्या पाटीवर चिकटवलेले नवे नाव असेल, चढाईपटूच्या पाठीमागून जाणारे शीर्षक असेल, तर ते काम मूळच्या फ्रेमक्रमावर बसवलेले असते. खालचे चित्र एक जागाआड पुढे-मागे होऊ लागले की वरचे नाव थरथरते. प्रेक्षकाला कारण कळत नाही, काहीतरी खोटे आहे एवढे कळते. म्हणून तरुण संकलकांना मी नेहमी सांगतो की कथेची गरज नसेल तर ४७ किंवा ५३ च्या मागे लागू नका, ५० घ्या. ५० टक्क्यांत प्रत्येक फ्रेम नेमकी दोनदा येते. दोन यंत्रांचा हिशेब वेगळा निघालाच तर सगळा शॉट टाइमलाइनवर एका जागेने सरकतो. ते ओळखता येते आणि सुधारताही येते. २०० टक्क्यांत तर अपूर्णांकच उद्भवत नाही.

खरा कस लागतो तो वेग सतत बदलत जाणाऱ्या शॉटमध्ये. याला रॅम्प म्हणतात. संकलक दोन ठिकाणी खुणा करतो, इथे १०० टक्के आणि इथे २५ टक्के, आणि मधली वाट वक्ररेषेने आखतो: आधी सावकाश उतर, मग झपकन, शेवटी पुन्हा सावकाश. भातखंडे स्वरलिपीत दोन स्वरांवर कमान काढली की मींड समजायची. कमान कुठून निघाली आणि कुठे टेकली एवढे कागद सांगतो. मधल्या श्रुतींवरून कसे जायचे, कुठे रेंगाळायचे, हे गाणाऱ्याने गुरूकडून घेतलेले असते. रॅम्पचेही तसेच आहे. दोन टोकांचे आकडे फाइलमधून जातात. मधली वक्ररेषा प्रत्येक सॉफ्टवेअर आपापल्या गणिताने काढते, आणि एखाद्याला ती वाचताच आली नाही तर ते सरासरी वेग घेऊन मोकळे होते.

सरासरी घेतली तर काय होते हे आकड्यांत पाहण्यासारखे आहे. १०० टक्क्यांवरून २५ टक्क्यांवर एकसारखा उतरणारा, चार सेकंदांचा, म्हणजे टाइमलाइनवर १०० फ्रेमचा रॅम्प धरू. सरासरी वेग ६२.५ टक्के. म्हणून मूळ चित्रणातल्या साधारण ६२ फ्रेम या जागेत बसतात. सबंध शॉटला ६२.५ टक्के हा एकच वेग लावला तरी तेवढ्याच फ्रेम बसतात. पहिली फ्रेम जुळते, शेवटचीही जुळते. पण मध्यावर, पन्नासाव्या जागेपर्यंत, रॅम्पमध्ये मूळच्या ४० फ्रेम संपलेल्या असतात आणि सरासरी वेगात ३१. नऊ फ्रेमचा फरक. संगीताच्या ठोक्यावर बेतलेला स्पर्श ठोका वाजून गेल्यावर येतो. जुळवणी तपासणारा माणूस सवयीने कटच्या दोन्ही टोकांना पाहतो, दोन्ही टोके बरोबर असतात, आणि तो पुढच्या शॉटकडे वळतो. या प्रकरणातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा: वेग बदललेल्या शॉटची चूक टोकांना सापडत नाही, ती मध्यावर शोधावी लागते.

फ्रेमचे क्रमांक तंतोतंत जुळले तरी चित्र जुळेलच असे नाही. शॉट मंद केला की फ्रेम अपुऱ्या पडतात, आणि मधल्या जागा कशा भरायच्या याच्या तीन रीती आहेत. पहिली, तीच फ्रेम पुन्हा दाखवणे. दुसरी, शेजारच्या दोन फ्रेम एकमेकींत मिसळणे. तिसरी, ऑप्टिकल फ्लो: चित्रातला प्रत्येक ठिपका कुठून कुठे सरकला याचा अंदाज बांधून मधली फ्रेम नव्याने घडवणे. प्रीमियर प्रोमध्ये या रीतींना फ्रेम सॅम्पलिंग, फ्रेम ब्लेंडिंग आणि ऑप्टिकल फ्लो म्हणतात, दाविंची रिझॉल्व्हमध्ये नीअरेस्ट, फ्रेम ब्लेंड आणि ऑप्टिकल फ्लो. एव्हिडमधल्या तिसऱ्या रीतीचे नाव फ्लुइड मोशन. नावे सारखी असली तरी आतले गणित ज्याचे त्याचे असते. खिडकीच्या गजांमागून चालणारा माणूस, पाऊस, उडते केस, एकमेकांसमोरून जाणारे हात, इथे ऑप्टिकल फ्लोचा अंदाज चुकतो आणि गज वितळल्यासारखे वाकतात. संकलकाच्या यंत्रावर न दिसलेला हा दोष कलरिस्टच्या यंत्रावर दिसू शकतो, किंवा याच्या उलटही घडू शकते. शिवाय संकलकाने कोणती रीत निवडली होती हे फाइलमधून गेलेच नाही, तर शॉटला कलरिस्टच्या प्रकल्पाची सर्वसाधारण रीत लागते. रिझॉल्व्हमध्ये स्वतंत्र निवड न केलेला शॉट प्रकल्पाच्या मांडणीचेच ऐकतो.

इथे चांगल्या हेतूनेही नुकसान होते. वाँग कार-वाई यांच्या ‘चुंगकिंग एक्स्प्रेस’ (१९९४) मध्ये हाँगकाँगच्या गर्दीतल्या धावाधावीचे काही प्रसंग कमी गतीने चित्रित केले आणि मग एकेक फ्रेम अनेकदा छापून पुन्हा नेहमीच्या लांबीचे केले. चित्र अडखळत, फराटे ओढत पुढे सरकते, आणि त्या शहरातल्या एकटेपणाचा सगळा कैफ त्या अडखळण्यात आहे. त्यानंतर जगभरच्या संकलकांनी हा परिणाम संगणकावर करून पाहिला. आता असा शॉट कलरिस्टकडे आला आणि त्याने अडखळणे हा दोष समजून ऑप्टिकल फ्लो लावला, तर शॉट गुळगुळीत होईल आणि त्यातला जीव जाईल. फ्रेमची पुनरावृत्ती कुठे निरुपायाने आली आहे आणि कुठे हेतूने, हे कोणतीही फाइल सांगत नाही. ते संकलकानेच सांगावे लागते, आणि कलरिस्टने विचारावे लागते.

आपल्याकडच्या माहितीपटांत आणि वेब मालिकांत आणखी एक वेगबदल असतो, जो कोणी केलेलाच नसतो. मोबाइलवर सेकंदाला ३० फ्रेमने टिपलेला तुकडा २५ च्या टाइमलाइनवर टाकला की संकलकाला वेग १०० टक्केच दिसतो. पण दर सहापैकी एक फ्रेम गाळल्याशिवाय तो तुकडा तिथे बसत नाही. कोणती फ्रेम गाळायची हे पुन्हा ज्या त्या यंत्राचे गणित. मोबाइल बऱ्याचदा फ्रेमचा दर स्थिर ठेवतही नाही. उजेड कमी झाला की दर खाली येतो, आणि टाइमकोडवर विसंबलेली जुळवणी सैरभैर होते. असे तुकडे संकलनाला सुरुवात करण्यापूर्वीच स्थिर दरात बदलून घ्यावेत. नंतर केलेल्या दुरुस्तीत पूर्वीची सगळी कापाकापी हलते.

आपला कबड्डीचा शॉट तर सेकंदाला १०० फ्रेमने टिपलेला. अशी फाइल कॅमेरा दोन प्रकारे लिहू शकतो. एकात फाइलवर ‘१०० फ्रेम’ असे लिहिलेले असते, मग संकलकाच्या टाइमलाइनवर खरा वेग म्हणजे १०० टक्के आणि पूर्ण मंद म्हणजे २५ टक्के. दुसऱ्यात कॅमेरा १०० फ्रेम टिपतो पण फाइलवर प्रकल्पाचा दर, म्हणजे २५, लिहितो. ती फाइल उघडताच मंद दिसते, आणि खऱ्या वेगासाठी ४०० टक्के करावे लागतात. संकलकाने पहिल्या प्रकारची फाइल आपल्या सॉफ्टवेअरमध्ये ‘हिला २५ ची समज’ असे सांगून वापरली असेल, तर कलरिस्टनेही जुळवणीच्या आधी आपल्या यंत्राला तेच सांगायला हवे. नाहीतर सगळे आकडे चौपटीने फिरतात. संकलकाने मूळ फाइलला दिलेली अशी वेगळी ओळख कळवायला माणसे सर्वांत जास्त विसरतात.

कलरिस्टच्या दृष्टीने हे सगळे वेळेत कळणे फार मोलाचे असते. रंगसंस्कार म्हणजे शॉटवर एक रंगाची छटा ओतणे एवढेच काम नाही. चढाईपटूच्या चेहऱ्याभोवती एक अदृश्य आकार आखून तेवढाच भाग उजळ केलेला असतो, आणि तो आकार चेहऱ्याबरोबर फ्रेमगणिक सरकवलेला असतो. वेगाची चूक नंतर सापडली आणि शॉट सुधारला की चेहरा एकीकडे आणि उजेड दुसरीकडे होतो. ते काम नव्याने करावे लागते. चित्रातला दाणेदारपणा घालवणारी साधने शेजारच्या फ्रेमशी तुलना करून चालतात. शेजारी तीच फ्रेम पुन्हा आली तर तुलना करायला काही उरत नाही, आणि प्रत्येक पुनरावृत्तीला चित्र कमी-जास्त स्वच्छ होत धडधडते. भारतात वीज ५० हर्ट्झची, म्हणून साधे दिवे सेकंदाला १०० वेळा उजळतात-मंदावतात. बंदिस्त क्रीडासंकुलात जास्त फ्रेमदराने टिपलेल्या शॉटमध्ये हा लुकलुकाट येऊ शकतो. तो काढायचा तर मूळ, सलग फ्रेमवर काढावा. रॅम्प लागल्यावर लुकलुकण्याची लयच बदललेली असते, आणि मग ती साधनांना ओळखता येत नाही. याच्या उलट, फिल्मसारखे कण चित्रावर घालायचे असतील तर ते वेग बदलून झाल्यावर घालावेत. मंदावलेले कण पाहून प्रेक्षकाला चित्र चिकट वाटते.

मग करायचे काय? माझे मत स्पष्ट आहे. ज्या वेगात अर्थाला दुसरी वाट नाही, तो सूचना म्हणून जाऊ द्यावा. ज्यात दुसरा अर्थ लागू शकतो, तो चित्र करून पाठवावा. साधा ५० टक्के, साधा २०० टक्के, साधा उलटा शॉट हे एक्सएमएल किंवा एएएफमधून जाऊ द्या आणि तपासून घ्या. रॅम्प मात्र संकलकाने, किंवा दृश्यपरिणामांचे काम करणाऱ्याने, आधीच नव्या फाइलमध्ये उतरवावा. धंद्यात याला ‘बेक करणे’ म्हणतात, आणि ऑप्टिकल प्रिंटरवर नवी निगेटिव्ह काढत असत, त्याचेच हे आजचे रूप आहे. वेगाचे शॉट एकात एक ठेवलेल्या टाइमलाइनमध्ये असतील, म्हणजे आतल्या शॉटला ५० टक्के आणि वरच्या गठ्ठ्याला २०० टक्के असा मामला असेल, तर तेही सोडवून सपाट करावे किंवा बेक करावे.

बेक करण्याची किंमत मोजावी लागते, हे खरे. मूळ फाइल रॉ असेल तर तिच्यात पांढऱ्याचा तोल आणि संवेदनशीलता नंतर बदलण्याची मुभा असते. नवी फाइल झाली की ती मुभा संपते. म्हणून सगळेच शॉट बेक करून पाठवणे हा आळस आहे आणि त्याचा भुर्दंड कलरिस्टला पडतो. जे शॉट बेक करायचे ते मूळ कॅमेरा फाइलींवरून करावेत. प्रॉक्सीवरून केलेला शॉट मोठ्या पडद्यावर ताबडतोब उघडा पडतो. कॅमेऱ्याने ज्या सपाट, फिकट लॉग रंगात टिपले त्याच रंगात ठेवावेत, संकलन करताना पाहण्यासाठी लावलेला रंग त्यात शिरू देऊ नये. प्रोरेस ४४४४, डीएनएक्सएचआर ४४४ किंवा ईएक्सआर अशा भरदार स्वरूपात काढावेत. शॉट मोठा केला असेल किंवा सरकवला असेल तर ते चित्रात उतरवू नये, कारण चौकट बदलण्याची गरज शेवटपर्यंत पडू शकते. दोन्ही बाजूंना एखाद्या सेकंदाचे जास्तीचे चित्रण ठेवावे. आणि टाइमलाइनवर हा नवा शॉट वर ठेवून जुना, वेगाच्या नोंदीसह, खालच्या ट्रॅकवर बंद करून ठेवावा. नव्यात काही खोट निघालीच तर मागे फिरायला वाट राहते.

तिसरा मार्गही आहे. कलरिस्टने मूळ शॉट मूळ वेगातच रंगवून परत द्यायचा आणि वेग संकलकाच्या यंत्रावरच लागलेला राहू द्यायचा. तीस सेकंदांच्या जाहिरातीला हे जमते. लांब चित्रपटाला मी याची शिफारस करणार नाही, कारण त्यात कलरिस्टला अंतिम लय दिसतच नाही, आणि उजेडाची उघडझाप लयीकडे पाहूनच ठरवायची असते.

मार्ग कोणताही घ्या, सोबत संदर्भ चित्रफीत हवीच. संकलकाच्या टाइमलाइनवरून काढलेली, त्याच फ्रेमदराची, सलग, आणि एका कोपऱ्यात मूळ फाइलचे नाव व टाइमकोड चित्रावरच उमटवलेली. कलरिस्टकडचा सहायक ती आपल्या जुळवणीवर ठेवतो आणि दोन चित्रांची वजाबाकी करून पाहतो. जिथे काळे दिसते तिथे जुळले, जिथे हलणाऱ्या कडा उजळतात तिथे फरक आहे. स्थिर वेगाच्या शॉटमध्ये सुरुवात, मध्य आणि शेवट पाहिला तर पुरते. रॅम्प बेक न करताच आला असेल तर एकेक फ्रेम पुढे जात सगळा पाहावा. सात-आठ सेकंदांच्या शॉटला यासाठी काही मिनिटे लागतात. चित्रपटगृहात चढाईपटूच्या चेहऱ्याऐवजी त्याच्या कानामागे उजेड पडलेला दिसला, तर तो सुधारायला कोणाकडेच वेळ उरलेला नसतो.

तुम्ही संकलक असाल तर एवढे करा. पिक्चर लॉक झाले त्याच दिवशी वेग बदललेल्या प्रत्येक शॉटची वेगळी यादी काढा. टाइमलाइनवरची जागा, मूळ फाइलचे नाव, वेग, फ्रेम भरण्याची रीत, अडखळणे हेतूने ठेवले आहे का, फाइलला वेगळा फ्रेमदर लावला आहे का, आणि शॉट बेक केला आहे की नाही, हे सगळे साध्या मराठीत लिहा. ती यादी आणि संदर्भ चित्रफीत एक्सएमएलसोबत, पहिल्याच निरोपात कलरिस्टकडे पाठवा. त्याने फोन करून विचारण्याची वाट पाहू नका.